पाण्यावरची शीळ

शिट्टी आणि शीळ एकच, असं शेळगावात कुणी जोतीरामतात्यांसमोर म्हटलं की तात्यांचा पारा चढलाच म्हणून समजा.

"कंडक्टर वाजवतो ती शिट्टी," तात्या बोटांवर मोजून सांगायचे. "कबड्डीचा पंच वाजवतो ती शिट्टी. आमच्या अजितनं बारामतीवरनं कुकर आनलाय, तो बोंबलतो ती बी शिट्टीच. आन् स्टँडावर टवाळ पोरं वाजवत्यात तिचं तर नावच घेऊ नका. शीळ म्हंजी येगळी. शीळ जनावराला घालायची, पान्यावर. समजलं? न्हाय समजलं तर सांजच्याला हौदावर या."

आणि लोक खरंच जायचे हो! ज्यांच्या दारात कधी बैल नव्हते त्यांना हे नवल वाटेल, पण बैल पाण्यावर नेला की गडी हळू आवाजात शीळ घालतो, आणि त्या नादात बैल पोटभर पाणी पितो. शीळ थांबली की तोंड वर काढतो. असं का, ते कुणालाच सांगता येत नाही. बाप घालायचा म्हणून मुलगा घालतो, एवढंच. ज्याच्या दावणीला बैल, तो प्रत्येक गडी गावात शीळ घालायचा. पण तात्या हौदावर आले की बाकीचे आपापली शीळ आवरती घ्यायचे.

काय होती ती शीळ! खालच्या सुरात सुरू व्हायची, इतकी बारीक की ऐकू येते की भास होतोय ते कळू नये. मग हळूहळू चढायची, वर जाऊन जराशी थरथरायची आणि थांबायची. नेमका तेव्हाच बैलाचा घोट गळ्याखाली उतरायचा. पुन्हा खालून सुरू. हौदाच्या कट्ट्यावर बसलेली माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. भरलेली कळशी डोक्यावर घेतलेली बाई तशीच उभी राहायची, मानेचं भान नसायचं तिला. तात्यांचा शेजारी म्हस्कू, ज्याची जीभ एरवी टाळूला लागत नाही, तोही चिडीचूप. एकदा तो म्हणाला होता, "तात्या, घरनं तांब्याभर पानी पिऊन येतो. पन तुमची शीळ ऐकली की घसा पुन्यांदा कोरडा पडतोय बघा."

कुणी बाजारातून नवा बैल आणला आणि परक्या जागी तो पाण्याला तोंड लावेना, की मालक कासरा धरून तात्यांच्या दारात हजर. पार भिगवणकडूनही माणसं यायची. तात्या धोतराचा सोगा खोचायचे, बैलाच्या मानेवर हात ठेवायचे, आणि झालं. परका बैल हौदात तोंड घालायचा तो नाकपुड्या बुडेपर्यंत.

तात्यांच्या स्वतःच्या पाखऱ्याचं तर विचारूच नका. तो वासरू असतानाच त्याची आई गेली. तात्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, आणि बाटली तोंडाशी नेताना दर वेळी शीळ घातली. तेव्हापासून पाखऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं, शीळ असली तरच प्यायचं. जोडीचा हरण्या साधा गडी, डबकं दिसलं तरी तोंड घालील. पाखऱ्या मात्र तुडुंब भरलेल्या हौदापाशी मान वर करून तात्यांची वाट बघत उभा. तात्यांना त्याचा कोण अभिमान!

"लाडावून ठिवलाय," आक्काबाई म्हणायची. "उद्या तुमी चार दिस गावाला गेला तर काय करल ते?"

"मी कशाला जातोय गावाला," तात्या म्हणायचे.

आक्काबाई म्हणजे तात्यांची बायको. भीमेकाठच्या गावची. तिचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं आणि बाईला माहेर म्हणून जायला जागाच उरली नाही. अंगानं किडकिडीत, जिभेनं तिखट. वरच्या ओठावर एक पांढरट व्रण होता. लग्न झालं तेव्हा तात्यांनी एकदाच विचारलं होतं, हे काय गं म्हणून. "ल्हानपनी उलथनं लागलं," ती म्हणाली होती. तात्यांनी परत विचारलं नाही.

घरात शब्द चालायचा तिचा. अजित हा एकुलता मुलगा बारामतीला एका कारखान्यात कामाला होता, सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याची बायको रतन सासू-सासऱ्यांपाशी शेळगावात. मोरगावकडच्या कोरडवाहू मुलखातली पोर, शेळ्यांमागं वाढलेली. नवी नवरी असताना अंगण झाडता झाडता तिच्या तोंडातून सहज शिट्टी निघून गेली होती. तशी आक्काबाई चुलीपासून उठून बाहेर आली.

"ह्या घरात बाईच्या व्हटातनं शिट्टी निघायची न्हाय," ती म्हणाली. "पुन्यांदा ऐकली तर बघ."

रतनच्या हातातला झाडू थांबला आणि शिट्टीही थांबली. तिथंच तो विषय मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

त्र्याण्णव सालच्या फाल्गुनात तात्या बारामतीहून पहाटेच्या एसटीनं परत आले. बसले होते खिडकीपाशी, उजवा गाल वाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला तर तो तोंडाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर! आक्काबाईनं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तात्यांच्या तोंडावरून वारं गेलं होतं. उजवा डोळा मिटेना, ओठ उजवीकडून खाली ओघळलेला. हातपाय मात्र ठणठणीत.

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं. "घाबरू नका तात्या, येईल हळूहळू जागेवर. या गोळ्या घ्या, आणि रोज फुगे फुगवा."

"फुगं?"

"फुगे. लहान मुलांचे असतात ते."

आता सांगा, ज्या माणसाच्या शिळेवर परगावचे बैल पाणी पितात, त्यानं म्हातारपणी ओट्यावर बसून लाल-पिवळे फुगे फुगवायचे! पण तात्यांना फुग्यांची लाज नव्हती. त्यांना धसका होता संध्याकाळचा. बैल सोडून ते हौदावर गेले, पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि ओठांचा चंबू केला. डावी बाजू आली, उजवी आलीच नाही.

फुस्स.

पाखऱ्यानं कान हलवले आणि वाट बघितली. तात्यांनी उजवा ओठ बोटानं दाबून धरला. पुन्हा फुस्स. हरण्या पिऊन तृप्त झाला, पाखऱ्या तसाच उभा. हौदावर कुणीही हसलं नाही, आणि तेच तात्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं घर पाखऱ्याच्या मागं लागलं. आक्काबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला, ताप नाही, पोटफुगी नाही, काही नाही म्हणाला. म्हस्कूनं आपली शीळ घालून बघितली. पाखऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं की म्हस्कूच ओशाळून बाजूला झाला. चारा ओला टाकला, भरड्याचं आंबोण पातळ केलं, त्यातून काय जाईल तेवढंच पाणी पोटात. कधी अगदीच जीव कासावीस झाला तर दोन घोट घ्यायचा आणि तोंड वर काढून तात्यांकडे बघायचा. त्या बघण्यानं तात्या अर्धे होत होते.

मग म्हस्कूच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. "तात्या, इंदापूरच्या बाजारात पंचाची शिट्टी मिळती. तिच्यात हवा गेली की झालं, ती आपसूक वाजती. व्हटाचं कामच न्हाय."

शिट्टी आणि शीळ यांतला फरक जन्मभर लोकांना समजावून सांगणारा माणूस, पण बुडत्या वेळी काय करणार? तात्यांनी शिट्टी घेतली. हिरवी, प्लास्टिकची, दोरीसकट. संध्याकाळी हौदापाशी उभे राहिले. हौदासमोरच्या चौकात एसटी वळण घेते. गाडी येऊन थांबली, कंडक्टर मागं बघायला खाली उतरला, अजून त्यानं आपली शिट्टी तोंडात घातलीही नव्हती, तोवर तात्यांनी तोंडाचा कोपरा चिमटीत धरून जमेल तितक्या मायेनं फुंकलं. फुर्र. फुर्र. फुर्र.

ड्रायव्हरला वाटलं, येऊ दे, येऊ दे. गाडी मागं आली ती सरळ म्हस्कूच्या उकिरड्यात! कोंबड्या उडाल्या, बाया ओरडल्या, खिडक्यांतून माणसं बाहेर आली. पाखऱ्यानं कासरा हिसडून जी धूम ठोकली ती कालव्यापर्यंत. कंडक्टर लाल होऊन चौकभर फिरत होता. "कोन हाय रे त्यो शिट्टीवाला? म्होरं तर ये!" तात्यांनी शिट्टी मुंडाशात खोचली आणि हौदातल्या पाण्याकडे टक लावून उभे राहिले.

गाव पुढं कितीतरी दिवस हसत होतं. म्हस्कू तर उकिरड्याची जागाच दाखवायचा येणाऱ्याजाणाऱ्याला. तात्यांना मात्र हसू फुटेना. कालव्यावरून पाखऱ्याला धरून आणला तेव्हाही तो कोरडाच होता.

चैत्र लागला. ऊन असं की दुपारी पायाखालची माती भाजायची. पाखऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायला लागल्या, डोळे आत गेले. अजित सुट्टीवर आला आणि गोठ्यात बराच वेळ उभा राहिला.

"तात्या, मला बी वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पन जनावर डोळ्यांम्होरं वाळतंय. म्होरल्या बाजारी इंदापूरला नेऊ. मी टेम्पो सांगतो."

"घेनार कोन त्याला?"

अजितनं मान खाली घातली. पाणी न पिणारा बैल शेतकरी घेत नाही. कोण घेतं ते तात्यांना ठाऊक होतं आणि अजितलाही.

"बाजारापातूर थांब," तात्या म्हणाले. "तवर मी शीळ आनतो." आणि फुगा तोंडाला लावला. तो निम्माही फुगला नाही.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारची वेळ. चौकात चिटपाखरू नव्हतं. आक्काबाई कुणाच्या तरी पापडांना गेली होती. तात्या घरामागं शेवग्याच्या सावलीत बाजेवर पडले होते, फुगा छातीवर. डोळा लागतोय न लागतोय तोच त्यांना शीळ ऐकू आली.

त्यांची स्वतःची शीळ!

तीच. खालच्या सुरातून उठलेली, तशीच चढत गेलेली, वर जाऊन जराशी थरथरलेली. तात्यांनी आधी आपल्या ओठांना हात लावून बघितला. ओठ जागच्या जागी, वाकडे आणि मुके. अंगावर सरसरून काटा आला. मेलो की काय आपण, त्यांना वाटलं, आणि आपला आत्मा हौदावर जाऊन पाखऱ्याला पाणी पाजतोय की काय! त्यांनी फुगा दाबून बघितला, तो लागत होता हाताला. शेवग्याचा पाला हलत होता. शीळ थांबली, आणि घोटभर वेळानं पुन्हा खालून सुरू झाली.

तात्या अनवाणीच उठले आणि घराच्या कोपऱ्यावरून डोकावले.

हौदापाशी रतन उभी होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, एक हात पाखऱ्याच्या मानेवर. आणि पाखऱ्या पीत होता. नाकपुड्या बुडवून, डोळे अर्धे मिटून, कितीतरी दिवसांची तहान घोटाघोटानं भागवत होता. त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी प्रत्येक घोटाला हलत होती. तात्यांना उन्हाचं भान राहिलं नाही, पाय भाजत होते त्याचंही नाही. त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाखऱ्याचं पोट भरलं तशी रतन वळली. सासऱ्यांना बघून तिच्या हातातला कासरा गळाला.

"मामंजी, चुकलं माजं," ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली. "त्याच्याकडं बघवंना म्हनून... आत्याबाईंना सांगू नका. पाया पडते."

"कुठं शिकलीस?" तात्यांनी विचारलं.

"शिकते कुठली! रोज ऐकतीया की. चुलीम्होरं बसल्यावर तुमची शीळ येती. तुमची शीळ वर गेली की माजी भाकरी तव्यावर पडती. तुमी कधी दम खाता, कधी सोडता, समदं हाताला पाठ झालंय. शिट्टी तर मला शेळ्यांमागंच येत व्हती." ती थांबली. "मनातल्या मनात घालायची मी. आज व्हटावर आली."

तात्या कट्ट्यावर बसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ही शीळ म्हणजे आपण. आपल्याबरोबर आली, आपल्याबरोबर जाणार. आणि इकडे भिंतीपल्याड, पिठाच्या हातांनी, ही पोर ती कणाकणानं वेचून ठेवत होती. तात्यांना रडू आलं. उजव्या डोळ्यातून तर ते असंच वाहत असायचं, आता डाव्यातूनही आलं.

पण एका दुपारच्या पाण्यानं बैल जगत नाही. सकाळ-संध्याकाळ हौदावर गर्दी, आणि घरात आक्काबाई. मग तात्यांनीच तोड काढली. घराची न्हाणी हौदाला लागून होती, आणि न्हाणीच्या भिंतीला हौदाच्या बाजूला एक झरोका होता. रतननं धुण्याची बादली घेऊन न्हाणीत जायचं आणि झरोक्याशी उभं राहायचं. तात्यांनी हौदापाशी पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवायचा, पाठ लोकांकडे करायची आणि ओठांचा चंबू करायचा.

त्या संध्याकाळी गाव थक्क झालं. "तात्यांची शीळ आली! शीळ आली!" बातमी घरोघर गेली. पाखऱ्या प्यायला, आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोला, तात्यांनाही बरं वाटलं. लोकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा ते खाली बघून हसले. पाखऱ्या भरायला लागला, बरगड्या बुजायला लागल्या. एक दिवस म्हस्कू म्हणाला, "तात्या, राग मानू नका, पन तोंड वाकडं झाल्यापासनं शीळ आधीपरिस ग्वाड झालीया."

त्या रात्री भाकरी वाढताना रतननं विचारलं, "मामंजी, जेवन का सोडलं?" तात्या म्हणाले, भूक न्हाय.

बाजाराच्या आदल्या दिवशी अजित आला तो टेम्पो घेऊनच. त्याला सगळ्यांनी सांगितलं, अरे, पाखऱ्या प्यायला लागला. अजितचा विश्वास बसेना. "बघतो माज्या डोळ्यांनी," तो म्हणाला. "प्याला तर टेम्पो माघारी जाईल."

संध्याकाळी हौदापाशी सगळा गाव जमला. अजित पुढंच उभा, टेम्पोवाला त्याच्या शेजारी. तात्यांनी पाखऱ्याला आणलं, पाठ फिरवली, ओठांचा चंबू केला. शीळ सुरू झाली. पाखऱ्यानं तोंड पाण्यात घातलं. अजितचे डोळे विस्फारले. बापाची शीळ त्यानं जन्मापासून ऐकली होती, पण त्यालाही ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली.

आणि वर चढता चढता शीळ मध्येच तुटली.

पाखऱ्यानं तोंड वर काढलं. पाणी टपटप गळत होतं. तात्या ओठांचा चंबू तसाच धरून उभे, आणि आवाज नाही. न्हाणीतून बादली आपटल्याचा आवाज आला. तात्या काय समजायचं ते समजले. आक्काबाई न्हाणीत शिरली होती, आणि रतनचा हात तिच्या हातात सापडला होता.

"तात्या?" अजित म्हणाला.

"दम लागला आसंल," म्हस्कू म्हणाला. "बसा जरा तात्या."

किती सोपं होतं! हो, दम लागला, एवढं म्हटलं की नाव शाबूत राहत होतं. पण पाखऱ्या त्यांच्याकडे बघत होता. उद्याचा बाजार त्यांच्याकडे बघत होता. तात्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि लोकांकडे तोंड केलं, वाकड्या ओठांसकट.

"दम न्हाय लागला," ते म्हणाले. "शीळ माजी न्हायच. माज्या व्हटात काय ऱ्हायलं न्हाय. रतन! पोरी, भायेर ये. हितं हौदावर ये."

कुणालाच काही उमगेना. न्हाणीचं दार उघडलं. रतन बाहेर आली, पदर पार हनुवटीपर्यंत. तिच्या मागोमाग आक्काबाई, सुनेचं मनगट अजून तिच्या मुठीत.

"आक्का, सोड तिला," तात्या म्हणाले. "बैल तान्हेला हाय."

आक्काबाईनं नवऱ्याकडे बघितलं, पाखऱ्याकडे बघितलं. मूठ सुटली.

रतन हौदाशी आली. चौकात इतकी माणसं, सगळे पुरुष, नवरा समोर. तिनं हात पाखऱ्याच्या मानेवर ठेवला. तिनं पदर ओठांपुरता बाजूला केला.

आणि शीळ उठली. आता भिंत आड नव्हती, झरोका नव्हता. ती हौदाच्या पाण्यावरून गेली, चौकातून गेली, माणसांच्या अंगातून गेली. पाखऱ्यानं तोंड बुडवलं. कुणी खाकरलं नाही. टेम्पोवाल्यानं तोंडातली विडी काढून मुठीत धरली. म्हस्कूनं टोपी काढली, कशाला ते त्यालाही कळलं नाही. बैल पीत होता, बाई शीळ घालत होती, आणि अवघा गाव देवळात उभा राहावा तसा उभा होता. पाखऱ्यानं पोटभर पिऊन आपणहून तोंड वर काढलं, तेव्हा कुठं रतन थांबली.

अजितनं टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गाडीपर्यंत पोहोचवून आला. लोक पांगले. वाईट असं कुणी काही बोललं नाही. बोलणारे बोलतील उद्या, पण त्या संध्याकाळी कुणाची जीभ उचलली नाही.

आक्काबाई मात्र केव्हाच आत निघून गेली होती.

दिवेलागणीला तात्या गोठ्यात वैरण टाकायला गेले. आक्काबाई पाखऱ्याच्या शेजारी उखळावर बसलेली दिसली. पाण्याची बादली पुढ्यात. तात्यांनी वैरणीची पेंढी हातातच धरली. आता भांडण, त्यांना वाटलं.

"ल्हानपनी उलथनं लागलं म्हनलं व्हतं मी तुमास्नी," ती म्हणाली. आवाज भांडणाचा नव्हता. "लागलं न्हवतं. लावलं व्हतं."

"कुनी?"

"आयनं. बानं गुरं माज्याकडं दिली व्हती. नदीवर न्यायचे मी, आन् शीळ घालायचे. लई ग्वाड घालायचे म्हनं. येकदा आयनं ऐकलं. उलथनं चुलीत तापीवलं आन् व्हटावर टेकवलं." तिनं बोट व्रणावर ठेवलं. "ती नदी ग्येली धरनात. गाव ग्येलं, आय बी ग्येली. ह्यो ऱ्हायला."

तात्यांनी पेंढी खाली ठेवली. ते तिच्या शेजारी जमिनीवर टेकले. सारा संसार एका चुलीपाशी केला, एका दावणीपाशी केला. रोज संध्याकाळी ते हौदावर शीळ घालत होते आणि ही घरात बसून ऐकत होती. एका शब्दानं बोलली नाही.

"मंग रतनला कशापायी दाबलीस?" त्यांनी विचारलं.

"तिला कुनी भाजू नये म्हनून," आक्काबाई म्हणाली. "मी निसती बोलले. दुसरं कुनी बोलून थांबलं नसतं."

दारात रतन कंदील घेऊन उभी होती. कधी आली होती कोण जाणे. आक्काबाईनं तिला बघितलं. तिनं बादली पाखऱ्याच्या पुढं सरकवली, व्रणाच्या ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. हवा गेली. परत फुंकलं. पुढचे दात नव्हते, ओठ व्रणापाशी आखडला होता. तिसऱ्यांदा एक बारीक, चिरका, धाग्याएवढा सूर निघाला. तो तात्यांचा नव्हता, रतनचाही नव्हता. वेगळाच होता, वळणं घेत जाणारा, कुठल्यातरी नदीच्या काठाचा. तात्यांनी तो जन्मात ऐकला नव्हता.

पाखऱ्या हौदावरून पोट टम्म भरून आला होता. घोटभराचीही जागा नव्हती त्याच्या पोटात. त्यानं कान टवकारले, म्हातारीकडे बघितलं, आणि हळूच बादलीत तोंड घातलं.